वीस कोठड्या आणि एक नाणे



जुन्नर शहर सोडून उत्तरेकडे निघाले आणि कुकडी ओलांडली, की थोड्याच वेळात लेण्याद्रीचा डोंगर समोर उभा राहतो. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज येथला, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीनशेला थोड्या कमी पायऱ्या चढून धापा टाकीत आपण देवळात शिरतो खरे. पण मुळात ते देऊळ नव्हे, तो बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत हा डोंगर कोरला गेला. सातव्या क्रमांकाच्या या लेण्यात मध्ये एकही खांब न ठेवता भलेमोठे दालन कोरलेले आहे, आणि त्याच्या तीन भिंतींत भिक्षूंना राहण्यासाठी कोठड्या आहेत. उजवीकडे सात, डावीकडे सात आणि मागे सहा, अशा वीस. मागल्या भिंतीतल्या मधल्या कोठड्यांच्या जागी आता गणपती आहे. हा वीसचा आकडा तेवढा ध्यानात ठेवा. पुढे त्याच्याशी काम आहे.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयातली मुले घेऊन मी तेथे गेलो होतो. उतरताना पायथ्याशी चहा घ्यायला बसलो, तो शेजारी एक म्हातारे शेतकरी येऊन टेकले. बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. एक विचारू का?" त्यांची एक बोअर कोरडी गेली होती. पैसे जमिनीत गेले होते आणि डोक्यावर कर्ज बसले होते. आता एका पाणाड्याने तळहातावर नारळ धरून, शिवारभर फिरून दुसरी जागा दाखवली होती. "माणूस नावाजलेला आहे. दहा जागा दाखवल्या, आठांना पाणी लागलं. मग त्याला काहीतरी कळत असेलच की नाही?"

माझी दोन मुले हसली. मला हसू आले नाही. दुसरी बोअरही कोरडी गेली, तर त्या माणसाची जमीन सावकाराकडे किंवा बँकेकडे जायची होती. आणि खरे सांगायचे, तर त्यांना तेथल्या तेथे सरळ उत्तर देणे मला साधले नाही. दहापैकी आठ म्हणजे पुष्कळ की थोडे? कशाच्या मानाने पुष्कळ? या प्रश्नाचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे, आणि त्यातले एक चांगले प्रकरण आपल्या पुण्यात घडले आहे. रेडिओवर आकडे कानावरून निघून जातात. पुस्तिकेत बोट ठेवून वाचता येतात. म्हणून थोडे आकडे देण्याचे धाडस करतो.

आधी त्या वीस कोठड्यांकडे चला. समजा, प्रत्येक कोठडीत एकेक रुपया उडवला आणि पडला तसा झाकून ठेवला. बाहेर एक गृहस्थ उभे आहेत. ते म्हणतात, मला न पाहता कळते, कोठे छापा आहे आणि कोठे काटा. ठीक आहे, सांगा. त्यांनी वीस उत्तरे दिली. आता त्यांना काहीही कळत नसले, तरी साधारण दहा उत्तरे बरोबर यायचीच. म्हणजे दहा बरोबर आली, हे काही कौतुक नव्हे. बारा आली तर? पुष्कळांना वाटेल, बारा म्हणजे निम्म्याहून जास्त. काहीतरी असले पाहिजे. पण नुसते डोळे मिटून ठोकून देणाऱ्या चार माणसांत एकाला बारा किंवा त्याहून जास्त गुण मिळून जातात. चौदा? नुसत्या नशिबावर चौदा किंवा अधिक मिळवणारी माणसे शंभरात सहाच्या आतबाहेर निघतात. पंधरावर मात्र चित्र पालटते. वीस उत्तरे बरोबर-चूक येण्याचे सगळे मिळून १०,४८,५७६ प्रकार होतात. त्यांपैकी पंधरा किंवा अधिक बरोबर असण्याचे प्रकार फक्त २१,७००. शंभरात दोन. येथे मात्र मी त्या गृहस्थांना म्हणेन, बसा, आपण पुन्हा एकदा करून पाहू.

पुन्हा करून पाहू असे म्हणेन, खरे मानले असे म्हणणार नाही. एवढे लक्षात घ्या.

संख्याशास्त्रात याला परिकल्पनेची कसोटी म्हणतात. आरंभी धरून चालायचे की समोरच्याला काही कळत नाही, तो नाणे उडवतो आहे. हे शून्य गृहीतक. यात त्याचा अपमान नाही; मोजायला कोठून तरी सुरुवात करावी लागते, ती येथून. मग पाहायचे, की हे खरे धरले तर मिळालेले गुण कितपत विरळ आहेत. फार विरळ असतील, तर गृहीतक सोडून द्यायचे. आणि फार म्हणजे किती, ही रेषा खेळाच्या आधी आखायची. आट्यापाट्या खेळताना गडी बाद झाल्यावर पाटी सरकवणाऱ्या पोराला आपण पुन्हा खेळात घेत नाही. येथेही तोच कायदा.

हा विचार पहिल्याने नीट मांडला तो जॉन आर्बथनॉट नावाच्या इंग्रज दरबारातील वैद्याने, १७१० साली. लंडन शहरात १६२९ पासूनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी त्याने पाहिल्या. ८२ वर्षे, आणि प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त. मुलगा की मुलगी हे नुसते नाणेफेकीसारखे असते, तर ८२ वेळा एकच बाजू पडण्याचा संभव पंचवीस आकडी संख्येत एक इतका सूक्ष्म निघतो. तेव्हा ही नाणेफेक नव्हे, असे तो म्हणाला. गंमत अशी, की यावरून त्याने काढलेला निष्कर्ष परमेश्वरी योजनेचा होता. मोजणाऱ्याने नास्तिक असलेच पाहिजे असा काही नियम नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कारण लेण्याद्रीच्या पायथ्याशी बसून मी हे आकडे मांडू लागलो, की लोकांना वाटते मास्तर देवावर घसरले.

पुढे विसाव्या शतकात या शास्त्राला आकार आला तो शेतावर. इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. कोणत्या खताने गहू खरोखर वाढला आणि कोणता नुसताच चांगल्या वाफ्यात पडला, हे ओळखण्यातून त्यांची पद्धत तयार झाली. तेथल्या एक शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. फिशर यांनी त्यावरून जी परीक्षा रचली, ती त्यांच्या १९३५ सालच्या पुस्तकामुळे जगभर प्रसिद्ध झाली. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार. त्यांतला बरोबर एकच. बाईंना किती गुण मिळाले, हे मात्र त्यांनी पुस्तकात लिहिलेले नाही! चिठ्ठ्या टाकण्याचे महत्त्व त्या काळी फार थोड्यांना पटले होते. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पिकांचा उतारा मोजण्यासाठी चिठ्ठीने शेत निवडण्याची रीत देशभर रुजवायला मोठा हातभार लावला. तुमच्या गावी पीककापणीचा प्रयोग होतो, तेव्हा चांगले शेत दाखवून भागत नाही, ते यामुळे. पुणे विद्यापीठात वि. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ साली संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि आपली गोष्ट येथून पुण्याकडे वळते.

पुण्याकडे वळण्यापूर्वी जुन्नर तालुक्यातच आणखी एक मुक्काम करू. नारायणगावाजवळ खोडदला मोठमोठ्या जाळीच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या दुर्बिणीच्या एकंदर ३० तबकड्या आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. खोडद परिसरात मधोमध चौदा, बाकीच्या दूरवर तीन बाजूंना पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. म्हणजे आपल्या या माध्यमाच्या त्या थोरल्या बहिणीच. पण जत्रेत कोणाला विचारा, खोडदला काय करतात? "ग्रह बघतात" असे उत्तर येते, आणि पुढचा प्रश्न येतो, "मग पत्रिका पण बघतात का?" खगोलशास्त्र आणि फलज्योतिष यांचे हे गुऱ्हाळ फार जुने आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करायचे ठरवले, तेव्हा देशातल्या शास्त्रज्ञांत मोठा वाद उसळला. त्या वादात ठामपणे बोलणाऱ्यांत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. पण नुसते बोलून ते थांबले नाहीत. मोजून पाहू, असे त्यांनी ठरवले.

२००८ सालची ही गोष्ट. नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे, असे चौघे एकत्र आले. त्यांनी २०० मुलांची जन्मवेळ आणि जन्मस्थळ मिळवून पत्रिका तयार केल्या. त्यांतली १०० मुले शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, आणि १०० त्या वेळी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या शाळांतली. निवड विचारपूर्वक केली होती. बुद्धी कशी असेल हे पत्रिकेवरून सांगता येते, असा ज्योतिष्यांचा दावा असतो. आणि या दोन गटांतला फरक इतका ठळक, की उत्तर बरोबर की चूक यावर नंतर वाद घालायला जागा नाही. "पुढील वर्ष संमिश्र जाईल" अशा भविष्याची परीक्षा कोण कशी घेणार? कसोटीला लागते ते असे सडेतोड विधान.

मे महिन्यात पत्रकार परिषद घेऊन त्यांनी जाहीर आवाहन केले. ज्योतिष्याने ४० पत्रिका मागवून घ्याव्यात आणि एकेका पत्रिकेपुढे एवढेच लिहावे, मूल या गटातले की त्या गटातले. कोणाला कोणत्या ४० जातील, हे यदृच्छेने ठरायचे. मुलांची ओळख आणि खरी उत्तरे कुंटे यांच्या देखरेखीखाली विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली होती. पत्रिका पाहणाऱ्याला मूल माहीत नाही आणि पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. नकळत तोंडातून शब्द निघावा, चेहऱ्यावर काही उमटावे, ही वाटच बंद. आपल्याकडे पत्रिका पाहणारा आधी मुलीच्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहतो, मग पत्रिकेकडे, हे तुम्हीही पाहिले असेल.

एकंदर ५१ ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे लिहून पाठवली. एका संस्थेने सगळ्याच्या सगळ्या २०० पत्रिका तपासल्या.

आता रेषा कोठे आखायची? आपण वीस कोठड्यांसाठी केला तोच हिशेब चाळीस पत्रिकांसाठी करा. नुसत्या अंदाजाने वीसच्या आसपास बरोबर यावीत. नशिबावर शंभरात एकालाच जमेल इतका विरळ गुण हवा असेल, तर तो २८ वर येतो, म्हणजे शेकडा ७०. सत्तावीस ज्योतिष्यांत सर्वांत वरचा गुण होता २४. त्याच्या खालोखाल दोघांना २२. सर्वांची सरासरी काढली तर ती वीसच्याही खाली गेली. संस्थेची २०० पैकी १०२ उत्तरे बरोबर आली. निम्म्याहून दोन जास्त. दोनशे वेळा नाणे उडवून १०२ किंवा अधिक मिळण्याचा संभव शंभरात चाळीसहून जास्त आहे. त्याच कडक मापाने त्या संस्थेला सुमारे ११७ उत्तरे बरोबर आणावी लागली असती.

येथे तुमच्यापैकी चाणाक्ष वाचक मला अडवील. २४ मिळवणाऱ्या त्या एकाचे काय? चाळीसपैकी चोवीस म्हणजे शेकडा साठ. त्याला तरी कळत असेल! हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण फसगत येथेच होते. नाणे उडवून ४० पैकी २४ किंवा अधिक मिळवणारे शंभरात सुमारे तेरा निघतात. म्हणजे २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांत तीन-चार जण २४ वर किंवा त्याच्याही पुढे जायला हवे होते. प्रत्यक्षात एकच गेला. पुष्कळ लोक उभे करा, त्यांतला सर्वांत वरचा तेवढा उचला आणि त्याची पाटी लावा. कोणत्याही धंद्यात एखादा सिद्धपुरुष सापडलाच म्हणून समजा. त्याची खरी परीक्षा म्हणजे त्याला नव्या ४० पत्रिका देणे.

हा सारा वृत्तांत चौघांनी २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापला. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी अशीच एक परीक्षा घेऊन तिचा निकाल १९८५ साली 'नेचर'मध्ये दिला होता. तेथे तीन वर्णनांतून पत्रिकेच्या धन्याचे वर्णन ओळखायचे होते. नशिबाने एक तृतीयांश यावे, आणि तेवढेच आले. पण आपल्या कुंडल्या, आपली पंचांगे, आपले ज्योतिषी घेऊन केलेला पुण्याचा प्रयोग आपल्याला जास्त जवळचा. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले.

या प्रयोगाने काय सिद्ध झाले नाही, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी माझ्या विषयाशी बेइमान ठरेन. ज्योतिषातला प्रत्येक दावा खोटा ठरला, असे कोणी म्हणू नये. ठरले ते एवढेच, की या सत्तावीस जणांना आणि त्या संस्थेला या एका प्रश्नावर नाणेफेकीहून अधिक काही सांगता आले नाही. गृहीतक मोडले नाही म्हणजे ते खरे ठरले असेही नव्हे. ते मोडण्याजोगा पुरावा आला नाही. आता यावर एखादा ज्योतिषी म्हणेल, खरे जाणकार त्यांत आलेच नाहीत. असेल. दार उघडे होते. मंगळाच्या नावाखाली ज्या मुलींची लग्ने मोडतात, त्यांच्या आईबापांनी मात्र तो २४ चा आणि २८ चा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या म्हाताऱ्या शेतकरीबाबांकडे येऊ. दहापैकी आठ. नाण्याच्या हिशेबाने आठ किंवा अधिक मिळण्याचा संभव शंभरात साडेपाच. म्हणजे बरेच विरळ. पाणाड्याला शाबासकी द्यावी असे वाटते. पण थांबा. विहिरीला पाणी लागणे हे छापा-काट्यासारखे निम्मे-निम्मे असते, हे तुम्हाला कोणी सांगितले? नदीकाठच्या शिवारात समजा कोणीही, कोठेही खणले तरी दहापैकी सात ठिकाणी पाणी लागत असेल. मग काहीही न कळणाऱ्या माणसालासुद्धा आठ किंवा अधिक जागा लागण्याचा संभव शंभरात अडतीस होतो. तेच आठ, पण त्यांतली जादू निघून गेली. उलट डोंगरावरच्या काळ्या पाषाणात दहात दोनांनाच पाणी लागत असेल, तर आठ ही थक्क करणारी गोष्ट ठरेल. पाणाड्याची तुलना करायची ती नाण्याशी नव्हे, त्याच शिवारात पाणाड्याशिवाय खणलेल्या विहिरींशी. मला त्या दिवशी पायथ्याशी उत्तर सुचले नाही, ते या कारणाने. हा दुसरा आकडा ना त्यांना माहीत होता, ना मला.

आणखी एक गोष्ट. जर्मनीत म्यूनिकजवळ १९८७-८८ साली पाणाड्यांची मोठी परीक्षा झाली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावर काठी घेऊन फिरणाऱ्याने त्याची जागा सांगायची. सुमारे पाचशे जणांतून ४३ निवडले, ८४३ वेळा पाहिले. काही थोड्यांना खरोखर कळते, असे प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केले. जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने नंतर तीच आकडेमोड उलगडली आणि दाखवले, की ते थोडे म्हणजे पुष्कळांतून वर आलेले नशीबवान. पुण्याच्या चोवीस गुणांची तीच गोष्ट.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. वर्गात वीस चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर नाणे उडवून छापा किंवा काटा लिहा आणि घड्या घाला. चाळीस मुलांना वीस-वीस उत्तरे लिहायला सांगा. पंधराची रेषा आधी फळ्यावर आखा. एखादा पोरगा पंधरावर गेला, तर वर्ग त्याला टाळ्या देईल. दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या घेऊन त्यालाच पुन्हा बसवा. पुस्तकातल्या दहा पानांचे काम तेवढ्याने होईल. जुन्नरच्या मुलांना हे परके वाटू नये. येथून जवळच नाणेघाटात सातवाहनांच्या राणीने यज्ञात दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी भिंतीवर कोरून ठेवले आहेत. मोजून लिहून ठेवण्याची रीत या मुलखाला जुनी आहे.

परत आल्यावर मी शेतकरीबाबांना पत्र घातले. पाणाड्याने गावात आजवर दाखवलेल्या सगळ्या जागांची यादी करा, कोरड्या गेलेल्याही. आणि त्याला न विचारता खणलेल्या विहिरी-बोअरही मोजा. तोवर मशीन बोलावू नका. त्यांनी नातवाची वही घेतली आणि घरोघर हिंडले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मास्तर, जागा दहा नव्हत्या, तेरा निघाल्या. तिघांनी लाजेपायी सांगितलंच नव्हतं."

"आणि पाणी लागलेल्या?"

"त्या आठच."

बाकीच्या विहिरींची मोजदाद अजून चालू आहे.